नवं श्रवणयंत्र: सवय कशाची करायची आणि तक्रार कशाची?

शिक्कामोर्तब
१९ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक पाककृती विभागातच असते, तेव्हा धागा चुकीच्या ठिकाणी निघाला असेल तर संपादकांनी हलवावा.

पोस्टात ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त काउंटरवर. शेवटच्या तीनचार वर्षांत एक विचित्र प्रकार व्हायला लागला होता. एका बाईंनी पाच रुपयांची साठ तिकिटं मागितली, मी आठ फाडून दिली. त्या म्हणाल्या साठ, मी म्हटलं हो, आठच दिलीत, मोजून घ्या. असं दोनतीनदा झालं आणि मागची रांग हसायला लागली.

मला ऐकू येत नाही असं मला कधीच वाटलं नाही. ऐकू यायचं, पण कळायचं नाही. हल्लीच्या पोरांना तोंड उघडून बोलायचा कंटाळा आहे, असं माझं ठाम मत होतं. शेवटी लेकीने धरून नेलं. आधी कान-नाक-घसावाल्यांनी मळ काढला, मग तपासणी. आलेख १००० हर्ट्झपर्यंत बरा आणि तिथून घसरगुंडी, ४००० ला ६५ डेसिबल, म्हणजे त्याहून हळू आवाज तिथे ऐकूच येत नाही. दोन्ही कान जवळपास सारखे. तिथली ऑडिऑलॉजिस्ट मुलगी म्हणाली, "काकू, तुमचे स्वर शाबूत आहेत, व्यंजनं गेलीत. स, श, फ, थ, सगळी वरच्या पट्टीतली आणि मुळातच हळू आवाजाची." साठमधला स उडाला की उरतं काय? आठ. ३४ वर्षांच्या नोकरीचा उलगडा एका वाक्यात झाला.

तर आता ३० दिवसांच्या ट्रायलवर मशीन घेतलंय, अनामत भरून. कानामागे बसणारं, बारीक तारेने रिसीव्हर, म्हणजे चिमुकला स्पीकर, कानात जातो ते. आज बारावा दिवस.

पहिल्या दिवशी लावून बाहेर पडले तर मागून कुणीतरी कागद चुरगाळत येतंय. तीनदा वळून पाहिलं. कुणी नाही. माझीच खळ घातलेली साडी! तेव्हा हसले, पण घरी आल्यावर हसू गेलं. मोरीत स्टीलची ताटं ठेवली तर कपाळात खिळा ठोकल्यासारखं झालं. मोहरी तडतडली तर मी दोन पावलं मागे. आणि पाऊस. चिपळूणचा जूनमधला पाऊस आणि मागच्या पडवीवर पत्रा. त्या रात्री मशीन काढून डबीत ठेवलं ते दोन दिवस काढलंच नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे माझा स्वतःचा आवाज. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. जेवताना कुरडई खाल्ली तर बाकी जग बंद.

आणि गुरुवारच्या भजनात वेगळंच. पेटीवर सा धरला की तो थरथरतो, पाण्यात काठी हलावी तसा. मी विचारलं, पेटीला काय झालंय? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

दवाखान्यात फोन केला तर एकच उत्तर, "सवय होईल, महिनाभर द्या." आमचे हे म्हणतात परत कर आणि पैसे आण. महिना दिला तर ट्रायलच संपते. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा, यातलं सवयीने जाणारं कुठलं आणि कधीच न जाणारं कुठलं?

---

खारी बिस्कीट
१९ जून, रात्री १०:३१

साठ-आठ वाचून खूप हसले, माफ करा काकू. माझ्याकडे "ताक घेणार का" आणि "काप घेणार का" यावरून एक लग्न मोडता मोडता राहिलंय, पण ते परत कधीतरी.

मी सातव्या वर्षापासून लावते, आता ३८. आत्तापर्यंत पाच मशिनं झाली. अनुभवाचं सांगते: प्रत्येक नवीन मशीन पहिल्या आठवड्यात वाईटच वाटतं. मला तर लहानपणापासूनची सवय, तरी वाईट वाटतं, कारण जुन्या मशीनचा आवाज हाच माझ्यासाठी "खरा" आवाज झालेला असतो. तुमचं तर दहाबारा वर्षांचं मौन मोडतंय. साडी, चपला, पंखा, फ्रिज हे सगळ्यांनाच ऐकू येत असतं. त्यांचा मेंदू ते बाजूला टाकतो. तुमच्या मेंदूला आठवत नाहीये की यातलं टाकायचं कुठलं. ते आठवतं, खरंच आठवतं. दोनतीन आठवड्यांत साडी गप्प होईल.

पण अट एक. डबीत दोन दिवस हे चालणार नाही. डबीत ठेवलं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सकाळी शांत घरात दोन तास, मग तीन, असं वाढवा. पेपर मोठ्याने वाचा, अग्रलेख नको, छोट्या जाहिराती वाचा, त्यात आकडे आणि नावं असतात. पत्र्याखाली मात्र पहिल्या आठवड्यात बसू नका. कुणाला पोहायला शिकवताना वाशिष्ठीच्या पुरात टाकतात का?

रांजण मात्र सवयीचा वाटत नाही. त्यावर कुणीतरी जाणकार बोलेल.

---

यंत्रमागवाला
२० जून, सकाळी ७:१२

आमच्याकडं इचलकरंजीत अर्ध्या गावाला ही गरज आहे. वडील ४० वर्षं मागावर. शेडमध्ये बोलायचं म्हणजे खुणा नाहीतर कानात ओरडायचं. त्यांचा आलेख काढला तेव्हा ४००० ला अशी खोल विहीर होती की डॉक्टरांनी कागद बघूनच विचारलं, माग चालवत होता का?

त्यांना ५५ हजारांचं मशीन घेतलं. आठ दिवस लावलं. आता देवघरातल्या कप्प्यात आहे, रोज उदबत्ती मिळते. मग मी ऑनलाइन तीन हजाराचं घेतलं, तेही नाही लावत. माझं मत झालंय की सगळा धंदा आहे. आठ चॅनेल, सोळा चॅनेल, जितके चॅनेल तितके पैसे. डिश टीव्ही आहे का?

काकू, तुमचे हे बरोबर बोलतात.

---

कर्णिका
२० जून, दुपारी २:०५

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. इथे कुणाचे कान न तपासता सल्ला देणं बरोबर नाही, तरी शिक्कामोर्तब ताईंनी लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की राहवत नाही. आमच्याकडे येणारे लोक "आवाज बरा नाही" एवढंच सांगतात आणि मग आम्हीही "सवय होईल" एवढंच सांगतो. दोघांचीही चूक.

एकेक घेते.

साडी, कागद, चपला: सवय. खारी बिस्कीट यांनी लिहिलंय तेच. नव्याने लावणाऱ्यांना आम्ही बरेचदा गरजेपेक्षा कमी आवाज देऊन सुरुवात करतो आणि हळूहळू वाढवतो. काही मशिनं ते आपोआपही वाढवत नेतात. ती सोय चालू आहे का, विचारा. चालू असेल तर आठवड्यागणिक आवाज मोठा होतोय हा तुमचा भास नसेल.

ताटं, मोहरी, पत्रा: अर्धी सवय, अर्धी तक्रार. आतल्या कानाच्या नुकसानीत एक गंमत असते. हळू आवाज ऐकूच येत नाही, पण मोठा आवाज जितका इतरांना टोचतो तितकाच तुम्हालाही टोचतो. ऐकू येणं सुरू होतं आणि दुखायला लागतं, यातलं अंतरच कमी झालेलं असतं. मशीनने हळू आवाज बराच वाढवायचा आणि मोठा जवळपास वाढवायचाच नाही, अशी कसरत असते. मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा प्रत्येक माणसाला बसवावी लागते. "ताट ठेवलं की दचकते" हे सवयीत टाकू नका, "ताट ठेवलं की दुखतं" असं सांगा. हा बदल संगणकावर दोन मिनिटांचा आहे.

रांजण: याची परीक्षा घरी करता येते. मशीन कानातच ठेवा, पण बंद करा. मग मोठ्याने "ई" म्हणा. मशीन बंद असतानाही आवाज घुमला तर दोष बुचाचा. कानात जो रबरी डोम आहे तो बंद प्रकारचा असेल. तुमचा आवाज हाडांतून कानात येतो, एरवी अर्धा बाहेर निघून जातो, आता दार बंद म्हणून आत घुमतो. तुमचे खालचे स्वर चांगले आहेत, म्हणजे भोकांचा, उघडा डोम चालायची बरीच शक्यता आहे. पण बंद केल्यावर घुमणं गेलं आणि चालू केल्यावर आलं, तर प्रोग्रामिंगमध्ये खालच्या पट्टीचा आवाज जास्त दिलाय. दोन्हींचा इलाज वेगळा.

पेटी: ही सवय नाही. कधीच होणार नाही. मशीनमध्ये शिट्टी मारणारा प्रकार थांबवायला एक यंत्रणा असते. तिचं काम काय, तर एकसारखा लांबलेला सूर दिसला की तो शिट्टी समजून कापायचा. आता पेटीचा सा, तंबोरा, बासरी, शंख, हे सगळे एकसारखे लांबलेलेच सूर. बिचारं मशीन तुमचा सा मारायला धावतं. संगीतासाठी वेगळा प्रोग्राम मागा, त्यात ही यंत्रणा आणि गोंगाट कमी करणारी यंत्रणा दोन्ही मंद किंवा बंद करून.

यंत्रमागवाला, वडिलांचं मशीन बसवताना कानात बारीक नळी घालून, आत प्रत्यक्ष किती आवाज पोचतो याची मोजणी केली होती का? उत्तर "नाही" असेल तर मशीनला दोष देण्याआधी एकदा ती करून बघा. आणि ते तीन हजारवालं बहुधा सरसकट सगळाच आवाज वाढवतं. मागावर गेलेल्या कानाला खालचे आवाज पुरेसे असतात. त्यात भर घातली की गोंगाटच वाढतो, शब्द नाही.

---

यंत्रमागवाला
२० जून, दुपारी ३:४०

नळी वगैरे काही नाही. आलेख संगणकात घातला, बटण दाबलं, "झालं" म्हणाले. पाव तासात बाहेर.

---

कर्णिका
२० जून, दुपारी ३:५८

मग तुमच्या वडिलांनी मशीन नाकारलेलं नाही. कारखान्यातला अंदाज नाकारलाय. प्रत्येकाच्या कानाची नळी लहानमोठी, संगणकाला ती ठाऊक नसते.

---

बारा गावचं पाणी
२१ जून, पहाटे ४:२२

न्यू जर्सीहून. इथे ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम दोष असलेल्या अठरा वर्षांवरच्या लोकांना श्रवणयंत्र चिठ्ठीशिवाय दुकानातून घेता येतं. २०२४ मध्ये तर एफडीए या इथल्या नियामक संस्थेने एअरपॉड्स प्रो २ या इअरबड्समधल्या श्रवणयंत्राच्या सोयीलाही मान्यता दिली. मी माझ्यासाठी तेच वापरतो, मीटिंगला पुरतं. पण ४००० ला ६५ असेल तर त्या वाटेला जाऊ नका असं माझंही मत. शिवाय अर्ध्या दिवसात चार्ज संपतो, आणि कानात ते बघून लोकांना वाटतं हा माणूस गाणी ऐकतोय, म्हणून कुणी बोलायलाच येत नाही. हा तोटा की फायदा ते ज्याचं त्याने ठरवावं.

अवांतर: कुरडई अजून मिळते का चिपळुणात घरगुती? पत्ता खाजगी निरोपातून कळवा.

---

पायपेटी
२१ जून, सकाळी ११:१५

शिक्कामोर्तब ताई, "पाण्यात काठी हलावी तसा" हे वाचून अंगावर काटा आला. तीन वर्षांपूर्वी मी नेमकं हेच अनुभवलंय, फक्त माझ्या बाबतीत पेटी वाजवणारा मीच होतो. ४० वर्षं ज्या पेटीवर बसलो तीच मला बेसूर लागायला लागली. भाते तपासले, सूर लावणाऱ्याला मुंबईहून बोलावलं. तो म्हणाला पेटी उत्तम आहे. तो गेल्यावर मी मशीन काढून सा दाबला. सरळ. मशीन लावलं, थरथर. त्या दिवशी पेटीसमोर बसून रडलोय, खोटं कशाला सांगू.

कर्णिका ताईंनी कारण लिहिलंच आहे. मी फक्त वापराचं लिहितो, कारण बऱ्याच दवाखान्यांत संगीताचा प्रोग्राम म्हणजे "गाण्यासारखं गोड" असं काहीतरी देतात आणि ती शिट्टीची यंत्रणा तशीच चालू राहते. त्यामुळे तपासायला स्वतःचं साधन न्या. मी मोबाइलवरचा तंबोरा घेऊन गेलो. समोर टेबलावर ठेवला, म्हटलं हा अर्धा मिनिट सरळ राहिला पाहिजे. पहिल्या वेळी पंचम डुलला. तिसऱ्यांदा बसला.

दुसरी गोष्ट टाळांची. तुमच्या भजनात टाळ असणारच. टाळाचा आवाज इतका टोकदार असतो की मशीनच्या माइकमध्ये शिरतानाच फाटतो. आत शिरल्यावर मग आवाज कमी करून काही उपयोग नाही, फाटलेलंच हळू ऐकू येतं. दुधात मीठ पडल्यावर गॅस बारीक करण्यासारखं. मला एका सतारवाल्या मित्राने सांगितलेला जुगाड: माइकच्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टीचा तुकडा. आवाज आत जातानाच थोडा दबतो. भजन संपलं की काढायचा. दिसायला गावठी आहे पण चालतो. आणि टाळकऱ्यांच्या मधोमध बसू नका, भिंतीला पाठ लावूनही बसू नका.

तिसरी: नवीन चीज, नवीन अभंग मशीन लावून शिकू नका पहिले दोन महिने. जे पाठ आहे तेच ऐका. पाठ असलेल्याचं मेंदू पटकन जुळवून घेतो.

---

नुसता वाचक
२१ जून, रात्री ११:४८

सहा वर्षं वाचतोय इथे, पहिलाच प्रतिसाद.

मी ५२ वर्षांचा. डावा कान गेल्या वर्षी एका सकाळी उठलो तेव्हा बंद होता. सर्दी असेल म्हणून दोन आठवडे काढले. डॉक्टर म्हणाले लगेच आला असतास तर स्टेरॉइडचा जास्त उपयोग झाला असता. ज्यांना अचानक एका बाजूचं कमी होईल त्यांनी थांबू नये, एवढंच लिहायला आयडी काढला होता.

आता लिहितोच आहे तर. मशीन घेतलंय. ऑफिसात लावत नाही. चष्मा दिवसभर लावतो, त्याची लाज नाही. याची का वाटते, कळत नाही.

---

खारी बिस्कीट
२२ जून, सकाळी ८:०३

@नुसता वाचक, बरं झालं लिहिलंत. माझं मशीन गडद जांभळं आहे. कॉलेजात त्वचेच्या रंगाचं होतं तेव्हा लोक चोरून बघायचे. जांभळं झाल्यापासून सरळ विचारतात, "कुठून घेतलं?" आणि विषय संपतो. तुम्ही जांभळं घ्या असं नाही, पण तो त्वचेचा रंग म्हणून जो विकतात तो कुणाच्याच त्वचेचा नसतो.

---

कर्णिका
२२ जून, सकाळी ९:२०

@नुसता वाचक, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. एका रात्रीत कान बंद झाला तर ती तातडीचीच गोष्ट. मळ समजून तेल घालत बसू नये.

---

शिक्कामोर्तब
२५ जून, रात्री ९:१०

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, वीज नव्हती. त्यावरून आठवलं, चार्जिंगवालं मशीन घेतलं नाही ते बरं केलं. माझं सेलवर चालतं, ३१२ नंबर, तपकिरी चकतीवाले. चकती सोलली की मिनिटभर हवेवर ठेवून मग घालायचे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सेलच्या पाकिटावर बारीक अक्षरात होतं. चकती परत चिकटवून सेल वाचवायचा प्रयत्न मी केलाय. वाचत नाही.

"ई" ची परीक्षा केली. मशीन बंद करून मोरीत उभी राहून ई केलं. घुमलं! यांनी बाहेरून विचारलं काय झालं, उंदीर का?

मग काल दवाखान्यात गेले. या वेळी कागदावर लिहून नेलं: एक, ताट दुखतं. दोन, बंद असतानाही आवाज घुमतो. तीन, सा हलतो. ती मुलगी कागद वाचून म्हणाली, "काकू, हे कुणी लिहून दिलं?" मी म्हटलं मंडळाने.

नळीची मोजणी त्यांच्याकडे आहे! फक्त मागितल्याशिवाय करत नाहीत, वेळ लागतो म्हणे. मशीनशेजारून कानात केसासारखी मऊ नळी घातली, किंचित गुदगुल्या झाल्या, हलू नका म्हणाली. मग समोरच्या स्पीकरमधून एक बाई बोलायला लागली. शब्द आहेत, चढउतार आहेत, रागावतेय, सांगतेय, पण एक अक्षर कळेना. माझा जीव घाबरा झाला. म्हटलं आता हेही गेलं. तर ती हसली, म्हणाली हे कुणालाच कळत नाही. पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा, त्या हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत ती बाई बोलत राहिली. वरच्या पट्टीत मला कितीतरी कमीच मिळत होतं म्हणे, आणि खाली उगाच जास्त.

डोम बदलला, उघडा घातला. माझा आवाज आला परत. मी तिथेच "अगंबाई" म्हटलं आणि ते अगंबाई माझं होतं.

---

कर्णिका
२५ जून, रात्री ९:४४

ती बाई म्हणजे सहा बायका आहेत. इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश बोलणाऱ्या सहा जणींच्या बोलण्याचे बारीक तुकडे करून, सरमिसळ करून जोडलेत. बोलणं वाटावं पण अर्थ लागू नये, हाच हेतू. नाहीतर माणूस शब्द ओळखत बसतो. तुमच्यासारख्या घाबरलेल्या माझ्याकडेही दरमहा दोघीतिघी असतात, आधी सांगायला हवं खरं.

उघड्या डोमचा एक तोटा आधीच सांगते. आता बाहेरचा आवाज थेटही कानात जाईल आणि मशीनमधून काही हजारांश सेकंद उशिरानेही. दोन्ही मिसळले की थोडं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. हे मात्र बऱ्यापैकी सवयीत जातं.

---

मधलं पान
२६ जून, दुपारी १:३०

वाचनखूण साठवली. आईसाठी (७१, सासवड) बघतेय, बजेट फार नाही. सरकारी काही मिळतं का? आणि हे चॅनेलचं काय ते कुणी सांगितलंच नाही.

---

कर्णिका
२६ जून, सायंकाळी ६:१७

दिव्यांगांना उपकरणं देणारी केंद्राची एडिप योजना आहे, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर त्यातून मशीन मिळतं. बांद्र्याच्या अली यावर जंग या वाणी-श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि बसवणं दोन्ही होतं, गर्दी असते, सकाळी लवकर जा. ज्येष्ठांसाठी वयोश्री योजनेची शिबिरं लागतात, जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा. खासगीत घेणार असाल तर बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, आणि बिलात श्रवणयंत्रावर जीएसटी लावला असेल तर कारण विचारा, कारण तो शून्य आहे.

चॅनेल: आवाजाचे किती तुकडे करून वेगवेगळे हाताळता येतात, तो आकडा. एका हद्दीपर्यंत उपयोग असतो. आठचं नीट बसवलेलं मशीन वीसच्या न बसवलेल्यापेक्षा बरं. सासवडहून महिन्यातून दोनदा जाता येईल अशा माणसाकडून घ्या, पुण्यातल्या सर्वात चकचकीत दुकानातून नको.

---

यंत्रमागवाला
३० जून, रात्री १०:०५

वडिलांना परवा सांगलीला नेलं, नळीवाल्याकडं. जुनंच मशीन, नवीन नाही घेतलं. दीड तास लागला. बाहेर येऊन रसवंतीत बसलो, तर म्हणाले, "घुंगरू आहेत का त्याच्या चरकाला?" होते. दहा वर्षं आम्ही त्याच रसवंतीत बसतोय.

डिश टीव्हीचा शब्द मागे घेतो. धंद्याचा नाही घेत.

---

शिक्कामोर्तब
३ जुलै, रात्री १०:२०

यंत्रमागवाला, उदबत्ती बंद केलीत ना?

इकडची खबर. आज २६वा दिवस. साडी गप्प झाली, खारी बिस्कीट म्हणाली तशीच, कधी झाली ते कळलंही नाही. घड्याळ अजून बोलतं. ताटं आता मोठी वाटतात पण दुखत नाहीत. पत्रा तेवढा जमत नाही, जोराची सर लागली की मी आतल्या खोलीत जाते. लोक छत्री उघडतात, मी खोली बदलते.

दमटपणाचा त्रास मात्र खरा आहे, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. परवा उजवं मशीन अचानक मुकं झालं. मला वाटलं गेलं. रिसीव्हरच्या टोकाची बारीक पांढरी जाळी, वॅक्स गार्ड म्हणतात ती, मळ आणि घामाने बुजली होती. दवाखान्यातून मिळालेल्या काडीने बदलली, दोन मिनिटांचं काम, पण चष्मा लावून, उजेडात, पांढऱ्या कागदावर करा. फरशीवर पडली तर झाडूच्या स्वाधीन. रात्री सेल काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवते. सेल डबीत ठेवू नका, ते सुकतात.

घरात नियम केलाय, स्वयंपाकघरातून हाका मारायच्या नाहीत. यांना अजून जमत नाही. पण गंमत सांगते. काल हे लेकीशी फोनवर बोलत होते, बाहेरच्या खोलीत, दबक्या आवाजात: "तुझ्या आईला आता हळू बोललेलंही ऐकू येतं, जपून बोलायला हवं." मी आतून म्हटलं, "साठ हजार त्याचेच दिलेत."

साठ. आठ नव्हे. अनामत वळती करून बाकी पैसे आज भरून आले.

---

पायपेटी
३ जुलै, रात्री १०:४१

अभिनंदन! पण मुद्द्याचं राहिलं. सा हलतोय का?

---

शिक्कामोर्तब
३ जुलै, रात्री १०:५५

सा बसला. पंचमात किंचित आहे. गुरुवारी चिकटपट्टी लावून जाते आणि सांगते.